‘तिथे गेलीसच कशाला?’

डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या पुरुषाने अत्याचार केला, असे मुलीने घरी सांगितले तर सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरातही पहिला प्रश्न बहुधा हाच येतो. त्यामागे माया असते, भीतीही असते. परंतु हा प्रश्न येणार हे मुलीला आधीच ठाऊक असते, म्हणून ती सांगतच नाही. अत्याचाऱ्याला तरी दुसरे काय हवे असते?

अशी ॲप आपल्या कुटुंबव्यवस्थेत बसत नाहीत, असे अनेक पालकांचे मत आहे. ते त्यांनी मुलांपुढे जरूर मांडावे. वादही होऊ द्यावा. मात्र पुण्यात नोकरीसाठी एकटी राहणारी पंचविशीतली मुलगी मोबाइलवर काय वापरते, हे जळगावच्या घरातून ठरत नाही. बंदी घातल्याने ॲप जात नाही. ती कोणाला, कोठे भेटायला गेली हे मात्र घरी कळेनासे होते.

ओळखीतून आलेल्या स्थळाची चौकशी करायला मामा-काका असतात. ॲपवर तसे कोणी नसते. नावापुढची निळी खूण चेहरा छायाचित्राशी जुळतो एवढेच सांगते. शिक्षण आणि पेशा पाहून निर्धास्त होण्याची मध्यमवर्गीय सवयही येथे उपयोगाची नाही. अमेरिकेतील डेनव्हर शहरातल्या एका हृदयरोगतज्ज्ञाने अशाच ॲपवर ओळख झालेल्या स्त्रियांना पेयातून गुंगीचे औषध देऊन अत्याचार केले; २०२४ मध्ये त्याला १५८ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडच्या वधूपित्यांच्या वहीत हे स्थळ पहिल्या पानावर असते!

पहिली भेट वर्दळीच्या जागी घ्यावी, जाण्यायेण्याचे वाहन आपले असावे, पेला नजरेआड होऊ देऊ नये, कोठे व कोणासोबत आहोत हे एका तरी विश्वासू व्यक्तीला कळवावे, हे मुलींना सांगायलाच हवे. पण यातले काही पाळले गेले नाही म्हणून गुन्हा तिचा होत नाही.

अत्याचारानंतरचे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. शक्यतो स्नान करू नये. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. ॲपवरील संभाषणाची छायाचित्रे लगेच घ्यावीत. समोरच्याने जोडणी तोडली की अनेकदा संभाषणच दिसेनासे होते. रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, विनामूल्य उपचार देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. आधी तक्रार नोंदवून या, असे सांगता येत नाही. गर्भधारणा व एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तपासणी तिच्या संमतीनेच होते आणि ‘टू-फिंगर’ चाचणी करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, मग तो घडला दुसऱ्या शहरात का असेना.

संमतीचा मुद्दा ठरवताना पीडितेचे पूर्वीचे शारीरिक संबंध विचारात घ्यायचे नाहीत, असे कायद्याने २०१३ मध्येच ठरवले. भर न्यायालयात वकिलाला जे विचारण्याची मुभा नाही, तेच ती आपल्या स्वयंपाकघरात ऐकते, तेही आईच्या तोंडून. त्या रात्री आईने इतकेच विचारावे, की आधी दवाखान्यात जायचे का; आणि ती हो म्हणाली तर वडिलांनी गाडी काढावी. बाकीचे बोलणे तिला वाटेल तेव्हा होईल.