सर्पगंधेची मुळी

रक्तदाबाचा विषय निघाला की कोणी ना कोणी आम्हांस सर्पगंधेचे चूर्ण सुचवितोच. मुळीचा गुण आम्ही नाकारीत नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्यासंबंधीचे अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ते रिते करते. रक्तवाहिन्या सैलावतात, आणि दाबाशी झुंजून जाड होत जाणाऱ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचा भार उतरतो.

परंतु हेच द्रव्य मेंदूतही शिरते. बिहारात या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत, ते उगाच नव्हे! मात्रा वाढली की मन खिन्न होते, झोप विसकटते. आणि चूर्णात द्रव्य किती, हे तर मुळीगणिक बदलते. घरातील वडील मंडळींनी डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर थांबवून चूर्ण आरंभिले असेल, तर त्यांची उदासी वार्धक्याच्या माथी मारण्यापूर्वी, वाचकहो, फडताळातील ती डबी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.