दोन पोर्ट, एकच स्विच

जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनच्या गेटवेला दुसरा इथरनेट पोर्ट जोडणे म्हणजे उधळपट्टी, असे खरेदीच्या बैठकांत छातीठोकपणे सांगणारे एक तज्ज्ञ असतातच. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पोर्ट सहसा बिघडत नाही, जाते ती वीज, नाहीतर रस्ता खोदताना तुटते ती फायबर, आणि फोन बंद पडलाच तर खिशात मोबाइल आहेच. मोबाइलपुरते उत्तर एवढेच की रुग्णालयाचा नंबर लोकांकडे असतो, ड्यूटीवरच्या नर्सचा नसतो. आणि वीज जाते म्हणून केबलही एकच ठेवा, हा न्याय छप्पर गळते म्हणून दाराला कडी न लावण्याचा आहे. राज्याच्या ११२ या आपत्कालीन सेवेसाठी नवी मुंबई आणि नागपूर अशी दोन केंद्रे ठेवली, ती बहुधा हौस म्हणूनच असावीत!

‘पोर्ट बिघडत नाही’ हा मुद्दा मात्र सोडण्यासारखा नाही, कारण तो खरा असूनही गैरलागू आहे. दुसरा पोर्ट पहिल्या पोर्टसाठी नसतोच. गेटवे आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये केबल असते, स्विच असतो, स्विचचा वीजपुरवठा असतो आणि भर दुपारी तो स्विच बंद-चालू करून पाहणारा उत्साही माणूसही असतो. दुसरी वाट आहे ती या सगळ्यांना वळसा घालण्यासाठी. पण आपल्याकडे दोन्ही केबली त्याच एका स्विचमध्ये खोचतात, स्विच मेला की दोन्ही मरतात आणि मग हेच तज्ज्ञ विजयी मुद्रेने सांगतात, ‘बघा, दुसऱ्या पोर्टचा उपयोग झाला का?’ पुरावा त्यांचा, कारस्थानही त्यांचेच. त्यापुढचा घोळ हिरव्या दिव्याचा. बहुतेक गेटवे लिंक तुटली तरच पोर्ट बदलतात. समोरचा स्विच जिवंत आहे पण त्याची पुढची वाट तुटली आहे, अशा वेळी दिवा हिरवाच राहतो आणि गेटवे निवांत असतो. म्हणून त्याने राउटरला आणि पलीकडच्या, फोन जोडून देणाऱ्या सिप सर्व्हरला ठरावीक वेळाने हाक मारून उत्तर येते का, हे पाहायला हवे. वेळेचा हिशेबही कोणी करत नाही. आवाजाचे पाकीट साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी निघते, म्हणजे सेकंदाला ५०. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (पाकिटे जाळ्यात गोल फिरत राहू नयेत म्हणून पोर्ट थोपवून धरणारी व्यवस्था) चालू असलेला स्विच नवा पोर्ट उघडायला १५ अधिक १५ सेकंद घेतो. तेवढ्यात १५०० पाकिटे हवेत विरतात आणि बोलणारा फोन ठेवून देतो. शिवाय पोर्ट बदलताच गेटवेने आपली नवी जागा ताबडतोब पुकारली नाही, तर वरचा स्विच जुन्याच वाटेने पाकिटे धाडत बसतो. त्याची स्मृती सहसा ३०० सेकंदांची असते.

तांब्याच्या तारेवरचा टेबलफोन वीज गेली तरी बोलायचा, कारण एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या त्याला तारेतूनच वीज पुरवत. ती तजवीज ग्राहकाला दिसत नसे, म्हणून तिच्यावर वादही होत नसे. आता तीच जबाबदारी आपल्या कपाटात आली आहे, तर ती चैन ठरते.

करायचे काय, ते थोडके आहे. दोन पोर्ट दोन वेगळ्या स्विचना, दोन्ही स्विच वेगळ्या यूपीएसवर, आणि गेटवेच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीची प्रतीक्षा बंद. फायबर तुटली तर याने भागणार नाही, हे मान्य. त्यासाठी, उदाहरणार्थ, बुलढाण्याची एक वाट राजूर घाटाने मलकापूरकडे उतरत असेल, तर दुसरी चिखलीकडून आणावी. ते काम वेगळे आणि महागही. याच बुलढाणा जिल्ह्यात, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात १ जुलै २०२३ च्या पहाटे खासगी बस पेटून २५ जण गेले. त्याचे खापर कुठल्या यंत्रावर फोडायचे नाही, पण अशा पहाटे रुग्णालयाचा फोन लागलाच पाहिजे, यावर दुमत नसावे. तेव्हा खरेदी समितीने निविदेत ‘दोन पोर्ट’ एवढेच लिहून थांबू नये. चालू संभाषणात एक केबल उपसून दाखवा, बोलणे तुटता कामा नये, ही अट घालावी आणि ती पुरी होईपर्यंत बिल अडवून ठेवावे.