गाडीला नवे अंग, घरच्या घरी

गाडी घेऊन सहा-सात वर्षे झाली की बहुतेक घरांत एकच चित्र दिसते. इंजिन ठणठणीत, टायर नुकतेच बदललेले, पण दार उघडले की मन खट्टू होते. बांगड्या-अंगठ्या घासून घासून दाराच्या कडीचा रुपेरी रंग उडालेला, गिअरभोवतीच्या पट्टीवर किल्लीचे ओरखडे आणि डॅशबोर्डवर मुलांनी कधीकाळी चिकटवलेल्या चित्रांचे डाग! नवा सुटा भाग मागवावा तर तो महाग, रंगवून घ्यावा तर गाडी दोन-चार दिवस गॅरेजात. मग ‘चालायचंच’ म्हणून ते तसेच राहते.

अशा वेळी व्हिनाइल फिल्म कामाला येते. ही रंगीत, एका बाजूने चिकट असलेली पातळ प्लास्टिकची फिल्म. लाकडाच्या रेषांची, घासलेल्या अॅल्युमिनियमसारखी, मंद काळी, कार्बन फायबरच्या विणीची, हवी तशी मिळते. थोडा धीर आणि एक मोकळा रविवार असेल तर हे काम घरी होण्याजोगे आहे. मात्र काय झाकावे आणि काय मुळीच झाकू नये, हे आधी समजून घ्यायला हवे. ते का, हे पुढे येईलच.

चिकपेटेतून जे. सी. रोडकडे

बंगळूरच्या मराठी घरांना चिकपेट सांगावी लागत नाही. कन्नडात ‘चिक्क’ म्हणजे धाकटी. तिची थोरली बहीण दोड्डपेटे आज अॅव्हेन्यू रोड म्हणून ओळखली जाते. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि त्यांचा मुक्काम याच पेठेच्या परिसरात असे, असे सांगितले जाते. लग्नाचा बस्ता, रेशमी साड्या, परकराची कापडे यांसाठी आजही पावले इकडेच वळतात. इथल्या बोळांत गाडी घालण्याचे धाडस मात्र करू नये. 2017 पासून हिरव्या मार्गिकेवरील मेट्रो थेट चिकपेटेत उतरवते, ते बरे.

घरातली मंडळी साड्या पाहत असतील तेवढ्या वेळात बाकीची खरेदी उरकता येते. कटर, पट्टी, प्लास्टिकची ओढणी ही अवजारे एस. जे. पी. रोडच्या दुकानांत मिळतात. थोडे पुढे गेले की जे. सी. रोड लागतो. मोटारीचे सुटे भाग आणि सजावटीचे सामान यांसाठी तो शहरभर प्रसिद्ध आहे. फिल्म तिथे पाहावी. मोठ्या रोलची रुंदी साधारण 152 सेंटिमीटर असते. लहान गाडीच्या आतल्या पट्ट्यांसाठी एक मीटर लांबीचा तुकडा सहसा पुरतो. तरीही घरून निघताना प्रत्येक पट्टीचे माप कागदावर लिहून न्यावे.

डोसा आणि पोळी

दुकानात दोन जातींची फिल्म समोर येते आणि दरात बरेच अंतर असते. हे अंतर स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने चटकन कळेल. महागडी ‘कास्ट’ फिल्म डोशासारखी. पातळ द्रव पसरून वाळवलेली, म्हणून तिच्यात ताण नसतो. तिची जाडी सुमारे 50 मायक्रॉन. स्वस्त ‘कॅलेंडर्ड’ फिल्म पोळीसारखी. गरम रुळांतून लाटून काढलेली, जाडी साधारण 75 ते 100 मायक्रॉन. मैद्याची पुरी लाटून ठेवली की ती हळूच आखडते, तशीच ही फिल्मही उन्हातान्हात आखडते आणि कडेला मूळ रंगाची रेघ उघडी पडते.

म्हणून सपाट पट्टीसाठी स्वस्त फिल्म चालून जाईल. वळणदार भागासाठी आणि बाहेरच्या, उन्हातल्या भागासाठी कास्टच घ्यावी. फिल्मच्या चिकट बाजूला हवा निघून जाण्यासाठी बारीक खाचा आहेत ना, हेही विचारावे. नवशिक्याचे अर्धे काम त्या खाचा करतात.

इथे फिल्म लावू नये

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या भागावर ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ ही अक्षरे उमटवलेली असतात, त्याला हात लावू नये. स्टिअरिंगचा मधला भाग, डाव्या सीटसमोरचा डॅशबोर्ड आणि काही गाड्यांत दारालगतच्या खांबांवरील आवरण, ही त्या जागा. भारतात नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठी हा नियम 2021 मध्ये आला, नव्या मॉडेलना 1 एप्रिलपासून. म्हणजे गेल्या काही वर्षांत घेतलेल्या गाडीत त्या असणारच.

एअरबॅगच्या झाकणाला मुद्दाम कमकुवत ठेवलेली शिवण असते. पुष्कळ गाड्यांत ती वरून दिसतही नाही. धडक बसताच सेकंदाच्या काही शतांश भागात ती शिवण फाटते आणि पिशवी बाहेर फुगते. त्यावर ताणून बसवलेली फिल्म हे फाटणे अडवू शकते किंवा तिचे तुकडे तोंडावर उडू शकतात. डॅशबोर्डवर एक सलग पट्टी सुंदर दिसेल, या मोहापायी शेजारी बसणाऱ्या माणसाचे कवच बिघडवणे परवडणारे नाही. डावी-उजवीकडची जुळणी थोडी चुकली तरी चालेल.

डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला चकचकीत फिल्म नको. दुपारच्या उन्हात तिचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि रस्ता नीट दिसत नाही. दिवे, नंबर प्लेट आणि बंपरमधील सेन्सर मोकळेच ठेवावेत. उरलेली काळी फिल्म खिडकीला लावण्याचा विचारही करू नये. काचांवरील काळ्या फिल्मना सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच मनाई केली. आतल्या-बाहेरच्या लहान पट्ट्या झाकणे वेगळे, पण अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा झाला तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते.

उरले काय? दाराच्या कडीभोवतीची पट्टी, काचांच्या बटणांची चौकट, गिअरभोवतीचा भाग, एअरबॅगपासून दूर असलेल्या डॅशबोर्डच्या पट्ट्या. बाहेर आरशाची टोपी आणि क्रोमच्या पट्ट्या. पृष्ठभाग गुळगुळीत हवा. दाणेदार प्लास्टिकवर फिल्म फक्त दाण्यांच्या टोकांना चिकटते आणि लवकरच सुटते.

धुणे-पुसणे हेच निम्मे काम

फिल्म नीट बसली नाही, तर दोष बहुधा फिल्मचा नसतो, तिच्याखालच्या तेलकटपणाचा असतो. डॅशबोर्ड चमकवण्याच्या अनेक पॉलिशमध्ये सिलिकोन असते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर चिकटद्रव्य धरत नाही.

पट्टी निघत असेल तर काढून घ्यावी. त्यासाठी स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची चपटी पट्टी वापरावी, म्हणजे ओरखडे पडत नाहीत आणि आतल्या क्लिपा तुटत नाहीत. बटणांच्या वायरी हलक्या हाताने सोडवाव्यात आणि त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पट्टी पूर्ण वाळवावी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसावी, दर वेळी स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने. कोपरे आणि मागची कडही विसरू नये. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये, प्लास्टिक खराब होते. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा जवळपास उदबत्तीसुद्धा नको आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

फिल्म लावायला 16 ते 32 अंश तापमान चांगले. बंगळूरला वर्षातले बरेच दिवस ही सोय आहे. नागपूर-सोलापूरकडच्या उन्हाळ्यात सकाळची वेळ साधावी. पंखा बंद ठेवावा, कारण उडालेला एक कणही फिल्मखाली मोहरीएवढा दिसतो.

बेतणे आणि बसवणे

ज्यांना शिवणकाम येते, त्यांचा हात इथे चटकन बसतो. कापडाला उभा-आडवा धागा असतो, तशीच लाकडाच्या किंवा कार्बनच्या नक्षीलाही दिशा असते. सगळे तुकडे एकाच दिशेने बेतावेत. चार दारांवर चार दिशांच्या रेषा आल्या तर सारी मेहनत वाया जाते. प्रत्येक बाजूला तीन-चार सेंटिमीटर जादा ठेवून कापावे.

मागचा कागद काढताना दोघे असावेत. एकाने फिल्म ताठ धरावी, दुसऱ्याने कागद सोलावा. मुलांना हे काम फार आवडते. फिल्म अलगद ठेवावी, ताणू नये. कापड लावलेल्या ओढणीने मध्यापासून कडेकडे दाबत जावे, दर वेळी आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग पुन्हा घ्यावा. सुरकुती आली तर दामटू नये. तेवढा भाग उचलून किंचित गरम करावा आणि पुन्हा बसवावा. लहानसा फुगा राहिलाच तर बारीक सुईने टोचून हवा बाहेर दाबावी.

वळणावर केस वाळवण्याच्या ड्रायरची ऊब द्यावी. फिल्म मऊ झाली की बोटाने बसवावी. फार ताणली तर रंग फिका पडतो आणि पुढे ती मागे खेचली जाते. कडेला सात-आठ मिलिमीटर फिल्म मागे दुमडून घ्यावी, साडीला फॉल लावावा तशी, आणि जादा भाग मागच्या बाजूनेच कापावा. पाते कोरे असावे. गाडीवरच्या रंगावर पाते टेकवून कापू नये, ओरखडा कायमचा पडतो.

वळणावर ताणलेला भाग शेवटी पुन्हा तापवावा लागतो, म्हणजे फिल्म आपला जुना आकार विसरते. त्यासाठी सुमारे 90 अंश उष्णता लागते आणि घरगुती ड्रायर तिथवर पोहोचेलच असे नाही. हीट गन वापरली तर ती एका जागी स्थिर धरू नये, नाहीतर फिल्मखालचे प्लास्टिकच वाकडे होईल. म्हणूनच पहिल्या खेपेला आरशाच्या गोल टोपीच्या वाटेला न जाता सपाट पट्टीवर हात बसवावा.

चिकटद्रव्य पूर्ण धरायला एक-दोन दिवस लागतात. पट्टी दुसऱ्या दिवशी बसवावी आणि बाहेरचा भाग दोन-तीन दिवस धुऊ नये. गाडीत बसवल्यावर काचांची बटणे, कुलपे सगळे चालते ना, हे पाहून घ्यावे.

पुढे कंटाळा आला किंवा गाडी विकायची झाली, तर फिल्म कोमट करून अगदी कमी कोनात, सावकाश ओढत काढता येते. रंगकामात ही सोय नाही. काढण्याचे काम मात्र फिल्म तडकून ठिसूळ होण्याआधी करावे.

उरलेले तुकडे फेकू नयेत. गुंडाळी करून कपाटात ठेवावेत. जिथे रोज बांगड्या लागतात, त्या दाराच्या कडीची पट्टी सर्वांत आधी घासली जाणार आहे, आणि तेव्हा त्याच रंगाचा वीतभर तुकडा पुन्हा जे. सी. रोडला मिळेलच, याचा भरवसा नाही.