म्हातारचळ नव्हे, आजार!

आजोबा तोच प्रश्न दहा वेळा विचारतात, ओळखीचा रस्ता चुकतात, तेव्हा आपण "म्हातारचळ लागलाय" म्हणून मोकळे होतो. हे चूक आहे. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी अशाच एका स्त्रीच्या मेंदूतले बदल जगापुढे मांडले. आजार दिसला तेव्हा ती जेमतेम पन्नाशीची होती!

थायरॉइड किंवा बी-१२ च्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून आधी तपासणी करा. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. गोळ्यांनी काही काळ थोडा फरक पडतो. खरा आधार घरच्यांचाच. "सांगा बरं, मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. रोजचा क्रम तोच ठेवा. सांभाळणाऱ्या सुनेलाही विश्रांती द्या. मुलांना हे समजावून सांगितलं, तर ती आजोबांना हसणार नाहीत, त्यांचा हात धरतील.