‘ते आलं’ आणि ‘ते आले’

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्याचा निम्मा वेळ लिंग दुरुस्त करण्यात जातो. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी, मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी. उर्दूत दोनच लिंगं, मुजक्कर आणि मुअन्नस. मराठीत तिसरंही आहे. मुलं गोंधळतात, आपण सुधारत राहायचं.

पंधराएक वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने उत्तर देताना म्हटलं, “सर, मी घरी जाते.” चूक व्याकरणाची होती. मी मात्र त्याचा आवाज काढून विचारलं, “जाते का? मग ओढणी कुठे आहे?” वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या दिवसापासून मुलं त्याला ‘जाते’ म्हणू लागली, महिनाभरात ‘बायल्या’ आणि पुढे त्याहून वाईट. नववीनंतर तो शाळेत आला नाही. मी चौकशी केली, तेव्हा कामाला लावलं असं घरच्यांनी सांगितलं. खरं कारण तेच असेल, नसेलही. तो मुलगा ‘तसा’ होता की नुसतं क्रियापद चुकला होता, हेही मला माहीत नाही. पण वर्गाच्या हातात तो दगड मी दिला, एवढं मला पक्कं माहीत आहे.

हे आज आठवण्याचं कारण असं. परवा शिक्षक खोलीत वर्तमानपत्रातली एक बातमी निघाली आणि एका सहकाऱ्याने विचारलं, “हे गे म्हणजे आपले हिजडेच ना, सर?” आम्ही सहाजण होतो, सगळे पदवीधर. कुणालाही धड उत्तर देता आलं नाही. कुणी ‘तौबा’ म्हटलं, कुणी विषय बदलला. आमच्या वेळच्या बी.एड.मध्ये यावर एक ओळही नव्हती. पण वर्गात बसलेली मुलं आपल्या अज्ञानासाठी थांबत नाहीत. म्हणून आधी शब्द नीट लावून घेऊ. पटणं न पटणं नंतर.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच शिवीत कोंबतो.

पहिली गोष्ट शरीराची. काही बाळांची शरीररचना जन्मतःच मुलगा किंवा मुलगी या ठरलेल्या खुणांत बसत नाही. यांना मराठीत आता ‘आंतरलिंगी’ म्हणतात. दुसरी गोष्ट स्वतःच्या ओळखीची, म्हणजे मी पुरुष आहे की स्त्री, की दोन्हींहून वेगळी व्यक्ती, हे माणसाला आतून काय वाटतं ती. तिला ‘लिंगभाव ओळख’ म्हणतात. जन्माच्या वेळी लिहिलेलं लिंग आणि ही आतली ओळख जुळत नाही, तेव्हा ‘पारलिंगी’ हा शब्द येतो. ‘तृतीयपंथी’ हा शब्द प्रामुख्याने आपल्याकडच्या गुरू-चेल्याच्या परंपरेतल्या लोकांसाठी वापरला जातो. तिसरी गोष्ट ओढीची, म्हणजे मन कुणाकडे जातं याची. तिला ‘लैंगिक कल’ म्हणतात. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो आणि स्वतःला पुरुषच समजतो. फक्त त्याची ओढ पुरुषाकडे असते. त्याला हिजडा म्हणणं हे अपमानाचं तर आहेच, पण आधी ते चूक आहे. माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

शब्दांचा घोळ पुस्तकांतही आहे. विज्ञानाच्या तासाला आपण गांडूळ उभयलिंगी असतं असं शिकवतो, आणि स्त्री व पुरुष दोघांकडेही कल असणाऱ्या माणसाला वर्तमानपत्रं तोच शब्द लावतात. मुलाने दोन्ही वाचलं तर त्याला काय कळणार? त्या अर्थाने ‘उभयलैंगिक’ म्हणणं बरं. उर्दूचंही तेच. ‘हमजिन्स’ म्हणजे एकाच जातीचा, एकाच प्रकारचा. त्याला ‘परस्त’ जोडलं की पूजा करणारा असा अर्थ चिकटतो, जसा ‘बुतपरस्त’मध्ये. शब्दातच निकाल लागलेला असतो. हा ‘जिन्स’ अरबीतून उर्दूत आला आणि मराठीत तो ‘जिन्नस’ होऊन वाण्याच्या दुकानात बसला. अरबीत तो ग्रीक ‘गेनोस’वरून आला आणि इंग्रजी ‘जेंडर’ त्याच्याच लॅटिन भावंडावरून. म्हणजे ज्या शब्दाला आपण परका म्हणतो, त्याचा चुलतभाऊ आपल्या किराणा यादीत आहे.

आता आपल्या घरातलं बघू. ‘हे सगळं पश्चिमेचं खूळ आहे’ असं म्हणणाऱ्यांनी फिक्हची कुठलीही जुनी किताब उघडावी. तिथे ‘खुन्सा’ हा शब्द आहे. ज्याचं शरीर पुरुषाचं की स्त्रीचं हे ठरवता येत नाही, अशी व्यक्ती. तिला वारशात वाटा किती, नमाजमध्ये ती कुठल्या रांगेत उभी राहील, मय्यतीच्या गुस्लचं काय, यावर फुकहांनी बारकाईने चर्चा केली. लक्षात घ्या, ती मशिदीत येईल का हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, रांग कुठली. ‘मुखन्नस’ हा वेगळा शब्द. हदीसमध्ये स्त्रियांची नक्कल करणाऱ्यांवर लानत आहे, हे खरं. पण तेराव्या शतकातले इमाम नववी यांनी त्यावर लिहिताना उलेमांचा एक फरक नोंदवला आहे: ज्याची चालबोल जन्मतःच तशी आहे, त्याच्यावर दोष नाही, दोष मुद्दाम तसं करणाऱ्यावर. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी जो फरक एका आलिमने केला, तो मी आठवीच्या वर्गात केला नाही.

मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. समलिंगी संबंधांबद्दल उलेमांचं सर्वसाधारण मत काय आहे, ते वाचकांना ठाऊक आहे आणि ते मी लपवत नाही. पण ती चर्चा कृतीची आहे. ‘लैंगिक कल’ हा शब्द कृतीचा नाही. चौदा-पंधरा वर्षांचं एखादं पोर, ज्याने काहीही केलेलं नाही, ज्याला फक्त आतून काहीतरी वेगळं वाटतंय आणि त्या भीतीने ज्याची झोप उडाली आहे, त्याच्यावर कुठला हुक्म लावायचा? त्याला शब्दच दिला नाही, तर त्याला एकच शब्द मिळतो, जो मुलं मैदानात ओरडतात.

कायद्यातही या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे पालकसभेत विचारलं जातं म्हणून सांगतो. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल ओळखीबद्दल होता. तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता आणि आपलं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क त्याने दिला. 6 सप्टेंबर 2018 चा निकाल कलाबद्दल होता. प्रौढांचे राजीखुशीचे संबंध त्याने कलम 377 मधून बाहेर काढले. आणि 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. हे कलम 1860 च्या इंग्रजी दंडसंहितेतलं होतं. 1871 च्या कायद्याने हिजड्यांच्या नोंदी करून त्यांच्यावर पोलिसांची नजर बसवली, तोही इंग्रजांचाच. पश्चिमेचं खूळ शोधायचं तर तिथेही शोधावं.

‘हे शब्द शिकवले की पोरं बिघडतील’ असं एक सहकारी म्हणाले. त्यांच्या काळजीची मी टिंगल करत नाही. मलाही मुलं आहेत. पण शब्दाने कुणी तसं होत नाही. शब्द नसताना मात्र काय होतं, ते मी पाहिलं आहे. आणि शब्द समजून घेणं म्हणजे सगळं मान्य करणं नव्हे. उलट विरोध करायचा असेल त्यानेही आधी कशाला विरोध करतोय ते ओळखावं. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांची टिंगल करू नका, वाईट नावांनी हाक मारू नका, असा हुक्म आहे. त्यात ‘अमुक लोक सोडून’ अशी सवलत नाही.

शेवटी पुन्हा व्याकरण. रस्त्यात एखादी तृतीयपंथी व्यक्ती दिसली की आपण हळूच म्हणतो, “ते बघ, आलं.” नपुंसकलिंग, एकवचन, जसं कुत्रं आलं, पोर आलं. आणि कुणी वडीलधारे आले की म्हणतो, “ते आले.” पुल्लिंगी, आदरार्थी बहुवचन. प्रमाण लेखनात दोन्ही ‘ते आले’ असंच लिहितात. फरक फक्त तोंडून निघताना होतो. लिपीने दोघांना एका ओळीत बसवलं आहे, जीभ वेगळं करते.

समोरच्याशी बोलायचं असेल तर मराठीने आणखी सोय केली आहे. “आप कब आए” की “आप कब आईं”, उर्दूत ठरवावं लागतं. मराठीत “तुम्ही कधी आलात?” एवढं पुरतं, पुरुष, स्त्री, कुणीही असो, क्रियापद बदलत नाही. आदर दिला की लिंग विचारावंच लागत नाही. एवढी वर्षं हा नियम शिकवला, त्याचा उपयोग उशिरा कळला.

आजही वर्गात कुणी मुलगा ‘मी जाते’ म्हणतो. मी फळ्यावर ‘जातो’ आणि ‘जाते’ दोन्ही लिहितो, फरक सांगतो, आणि कोल्हापूरकडच्या मुली सर्रास ‘मी आलो’ म्हणतात हेही सांगतो. वर्ग हसतो, पण कुणा एकाला नाही. मग पुढचं वाक्य घेतो. त्या मुलाची भेट झाली, तर माफी मागायची आहे. तो आता तिशीच्या आसपास असेल. ‘तुम्ही कसे आहात’ म्हणायचं की ‘कशा आहात’, हे मी ठरवणार नाही. ‘तुमचं कसं चाललंय?’ असं विचारेन.