त्यात काय हशील?

आमच्या मुरूडच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक यादी येते. ‘हे शब्द मराठी नाहीत, वापरू नका.’ महसूल, तहसील, हुकूम, जमा, मुकाबला. परवा कुणीतरी शंका काढली, तर यादी टाकणाऱ्यानेच लिहिलं, ‘वाद घालून काय हशील?’

मला हसू आलं. यादीतल्या महसुलाचा सख्खा भाऊच त्याने हाताशी धरला होता.

अरबीत बहुतेक शब्दांचा सांगाडा तीन व्यंजनांचा असतो. ह-स-ल म्हणजे मिळणं, हाती लागणं. सांगाडा तोच ठेवायचा, स्वर बदलायचे, पुढे एखादं अक्षर लावायचं. हाती लागलं ते ‘हासिल’, म्हणजे आपलं हशील. गोळा करण्याचं काम ‘तहसील’. गोळा झालेला तो ‘महसूल’. कचेरीतले दोन शब्द आणि आजीच्या तोंडातला एक, तिघं एकाच घरचे.

यादीत ‘जंजिरा’ मात्र कधीच नसतो. त्याचं मूळ ज-झ-र, म्हणजे कापणं, तोडणं. पाण्याने जमिनीपासून तोडलेलं बेट म्हणजे ‘जझीरा’. पाणी मागे सरतं ती ओहोटी ‘जझ्र’. खाटीक ‘जझ्झार’. अल्जीरियाचं नाव आणि अल जझीरा वाहिनी याच घरातली. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं आणि भरतीत त्याचं बेट होतं. बेट आणि ओहोटी एकाच मुळातून का आले, हे आपल्या किनाऱ्यावरच्या पोराला वेगळं समजवावं लागणार नाही.

सिद्दीचा जंजिरा मराठ्यांच्या हाती लागला नाही, शब्द मात्र लागला. मराठी कागदांत स्वतःच्याच जलदुर्गांना ‘जंजिरे सिंधुदुर्ग’, ‘जंजिरे कुलाबा’ म्हटलेलं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला होता. हो, आणि तो मोठंच काम आहे. नव्या राज्याला स्वतःचे शब्द हवे होते. पण तो करणाऱ्यांना जुना शब्द पुरता माहीत होता, म्हणून त्याच्यासमोर नवा ठेवता आला. मुजुमदाराचा अमात्य झाला, पेशव्याचा प्रधान. तरीही लोक पेशवेच म्हणत राहिले. यादी फॉरवर्ड करणाऱ्याने यातलं कोणतं काम केलंय?

आपल्या बाजूचेही काही कमी आळशी नाहीत. ‘भाषा वाहती नदी आहे’ म्हणायचं आणि फोन खिशात टाकायचा. नदी वाहते हे खरं, पण त्यातला एक तरी शब्द उघडून बघा ना!

माझी मागणी साधी आहे. शाळेत ‘कृ’ धातूपासून कर्ता, कर्म, कार्य शिकवतात. शिकवायलाच हवं. तसाच एक तास ह-स-लला द्या. एक ह-क-मला द्या: हुकूम, हाकीम, हकीम, हुकूमत. मराठीची अर्धी कचेरी पोरांना उलगडेल. मोल्सवर्थने आपल्या कोशात अरबी शब्दांपुढे तशी खूण केली, त्याच्या १८५७ च्या आवृत्तीलाही आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. आपण अजून ती खूण वर्गात नेली नाही.

याचा तोटा कुणाला होतो, तेही बघा. मुरूड-श्रीवर्धनच्या कोकणी मुसलमान घरांतली कितीतरी पोरं लहानपणीच अरबी अक्षरं गिरवतात. ते येणं मराठीच्या तासाला उपयोगी आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. यादी तेवढी सांगते: तुमचं सगळं बाहेरचं. त्याच वर्गात ‘महसूल’ फोडून दाखवायला बाई त्या पोरीला फळ्यापाशी बोलावू शकल्या असत्या.

ग्रुपवर मी एवढंच विचारलं, ‘मग जंजिऱ्याला काय म्हणायचं?’

निळ्या टिका दिसतायत. उत्तर अजून नाही.