पाद्र्याने रस्त्यावर का उतरावे

धर्मगुरूने प्रार्थना करावी, आजाऱ्याची विचारपूस करावी, लग्ने लावावीत, मयतीला उभे राहावे. न्यायाच्या भांडणात पडू नये, असे मानणारे लोक सगळ्या देशांत आणि सगळ्या धर्मांत आहेत. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत तर ते येशूचाच हवाला देतात. ज्याने शांती शिकवली त्याच्या अनुयायांनी गावाची घडी का विस्कटावी, असा त्यांचा सवाल असतो. सवाल जुना आहे आणि पुष्कळदा प्रामाणिकही. पण तो टिकत नाही. का टिकत नाही, हे अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात एकदा लख्ख दिसले आहे.

1960 च्या मार्चमध्ये तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने जेम्स लॉसन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला काढून टाकले. लॉसन तेव्हा 31 वर्षांचे होते आणि धर्मशास्त्र शिकत होते. शहरात चाललेल्या बैठ्या सत्याग्रहाचे ते सूत्रधार आहेत, कायदा मोडायला ते मुलांना चिथावणी देतात, हा त्यांच्यावरचा आरोप. स्थानिक वर्तमानपत्राचे प्रकाशक विद्यापीठाचे विश्वस्त होते आणि त्यांच्या पत्राने लॉसन यांच्याविरुद्ध रान उठवले होते.

ज्या शांततेचा भंग झाला म्हणून एवढा गहजब झाला, ती शांतता कशी होती? भर बाजारातल्या मोठ्या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाने साबण घ्यावा, कापड घ्यावे, पैसे मोजावेत. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली तर मिळणार नाही. वर्षानुवर्षे हे बिनबोभाट चालले होते. 13 फेब्रुवारीपासून विद्यार्थी नीटनेटके कपडे घालून त्या स्टुलांवर जाऊन बसू लागले. 27 फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना स्टुलांवरून ओढून मारले. पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना, ऐंशीच्या आसपास मुलांना. हिंसा त्या समाजात आधीपासून मुरलेली होती. विद्यार्थ्यांनी तिला फक्त उजेडात यायला भाग पाडले. ज्याला ती आधी दिसत नव्हती, त्याला विद्यार्थी शांतताभंग करणारे वाटले.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करणे हे भित्र्यांचे तत्त्वज्ञान आहे, दुबळ्याला दुबळेच ठेवणारी शिकवण आहे, असे लढाऊ माणसे म्हणतात. त्यांनी लॉसन यांची तालीम पाहायला हवी होती. एका मेथडिस्ट चर्चच्या तळघरात ती भरायची. खुर्च्या मांडून काउंटर तयार करायचा. अर्धी मुले सत्याग्रही, अर्धी गुंड. गुंड झालेल्यांनी घाणेरड्या शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, केस ओढायचे, ढकलून खाली पाडायचे. पडताना डोके हातांनी कसे झाकायचे, सोबत्यावर मार पडत असेल तर आपले अंग मध्ये कसे घालायचे आणि मारणाऱ्याच्या डोळ्यांना डोळा कसा भिडवायचा, हे सगळे पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचे. महिनोन्महिने ही तालीम चालली. जॉन लुइस, डायन नॅश, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट ही पुढे देशभर गाजलेली नावे याच तळघरात घडली. मग काउंटरवर बसणाऱ्यांच्या हाती नियमांचा कागद आला: उलट हात उचलू नका, हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, सौजन्य सोडू नका, आणि शेवटी, येशू, गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची शिकवण आठवा.

एकदा सत्याग्रहाच्या वेळी चामडी जाकीट घातलेला एक गोरा तरुण लॉसन यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळलेल्या तरुणाने तो दिला. लॉसन यांनी तोंड पुसले, रुमाल परत केला आणि तुझ्याकडे मोटरसायकल आहे का, म्हणून विचारले. दोघे गाड्यांवर बोलू लागले. याला भित्रेपणा म्हणायला फारच उद्दाम मन लागेल. समोरचा माणूस आज शत्रू असला तरी उद्या शेजारी होऊ शकतो, हा विश्वास त्या प्रश्नामागे होता आणि त्या विश्वासाचे मूळ येशूच्या डोंगरावरील प्रवचनात होते.

इथे तिसरे टीकाकार पुढे येतात. ही सारी गांधींची कमाई, ख्रिस्ती श्रद्धा वरची झूल, असे त्यांचे म्हणणे. नागपूरकरांना हे म्हणणे गोड वाटेल, कारण लॉसन 1953 ते 1956 या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. तिथे ते खेळ शिकवत आणि सत्याग्रहाचा अभ्यास करत. 1955 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या माँटगोमेरीत वर्णभेदाविरुद्ध सुरू झालेल्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्येच वाचली आणि आनंदाने आरोळ्या ठोकल्या. गांधींचे ऋण मोठेच आहे आणि लॉसन यांनी ते कधी लपवले नाही. पण क्रम पाहा. कोरियातील युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला नकार देऊन ते वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात राहिले, ते नागपूरला येण्यापूर्वी. ख्रिस्ताच्या अनुयायाला हातात बंदूक घेता येणार नाही, हे त्यांचे तेव्हाच ठरले होते. नागपुरात त्यांना सापडले ते या निश्चयाचे शास्त्र: एकट्याच्या नकाराचे हजारोंच्या आंदोलनात रूपांतर कसे करायचे. आणि खुद्द गांधींनी डोंगरावरील प्रवचनाचा आपल्यावरचा ठसा मोकळेपणाने सांगितलेला आहे. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळा आहे. गुलामगिरीचे समर्थन बायबल हातात घेऊनच झाले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कित्येक गोऱ्या चर्चची दारे काळ्यांना बंद होती. 1963 मध्ये बर्मिंगहॅमचे वर्णभेदविरोधी आंदोलन पेटले तेव्हा अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी, सात ख्रिस्ती आणि एक यहुदी, निवेदन काढून सबुरीचा सल्ला दिला. किंग यांनी तुरुंगातून लिहिलेले प्रसिद्ध पत्र त्यांनाच उत्तर होते. हा आक्षेप खोडता येत नाही आणि ख्रिस्ती माणसाने तो खोडण्याचा प्रयत्नही करू नये. पण तो मान्य केल्यावर निष्पन्न काय होते? श्रद्धा सोडून द्यावी, हे नव्हे. त्या आठ जणांचे म्हणणे त्यांच्याच धर्मग्रंथाच्या आधारे खोडून काढणारी माणसे हवीत, हे. व्हँडरबिल्टमध्येही तसे घडले. लॉसन यांना काढल्यावर धर्मशास्त्र विभागाच्या अधिष्ठात्यांसह अनेक प्राध्यापकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. नॅशव्हिलच्या काळ्या चर्चनी इस्टरच्या खरेदीवर बहिष्कार घडवून आणला आणि व्यापाऱ्यांचे गल्ले रिते पडले. 19 एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत महापौरांकडे गेले. तिथे डायन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सरळ विचारले: केवळ रंगावरून माणसात भेद करणे चूक आहे, असे तुम्हाला वाटते का? वेस्ट यांनी होय म्हटले. 10 मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले.

क्षमेबद्दलही गैरसमज पुष्कळ आहे. क्षमा केली की न्यायाची मागणी गुंडाळायची, असे समजले जाते. 1968 मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपात किंग यांना बोलावणारे लॉसनच होते. त्याआधी दोन कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले होते आणि सुमारे 1,300 जणांनी काम थांबवले होते. 4 एप्रिलला किंग यांची हत्या झाली. 16 एप्रिलला तडजोड होऊन शहराने युनियनला मान्यता दिली. शोकाच्या त्या दिवसांत संप मागे घेतला गेला नव्हता. हत्येचा गुन्हा आधी कबूल करून नंतर नाकारणाऱ्या जेम्स अर्ल रे याला लॉसन तुरुंगात जाऊन भेटत राहिले. 1978 मध्ये तुरुंगातच त्याचे लग्न त्यांनी लावले. खरा मारेकरी रेच आहे का, याबद्दल त्यांना शंका होती, म्हणून त्याच्यावर रीतसर खटला चालावा, अशी त्यांची मागणीही होती. कैद्याची माणुसकी आणि सत्याचा पाठपुरावा, दोन्ही एकाच पाद्र्याने एकाच वेळी सांभाळले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलांतल्या कामगारांना त्यांनी अहिंसक लढ्याचे तेच शिक्षण दिले, आणि 2006 मध्ये व्हँडरबिल्टने त्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावले तेव्हा तिथेही ते शिकवायला गेले.